एकच विषाणू, दोन परिणाम

एकाच रोगाची बाधा होऊन एक बरा होतो व दुसरा खितपत पडतो, असे का, हा प्रश्न विद्यार्थी आम्हांस विचारतात. आयर्लंडात १९७७-७८ साली दूषित रक्तापासून बनविलेले औषध टोचल्याने अनेक मातांना ‘हेपटायटिस सी’ हा यकृतदाह जडला. कित्येकींच्या शरीराने तो विषाणू आपोआप घालविला; इतरांच्या यकृतात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला. २००९ साली शास्त्रज्ञांस एकोणिसाव्या गुणसूत्रावर, इंटरफेरॉन-लॅम्डा या रक्षक द्रव्याच्या जनुकापाशी, एकाच अक्षराचा भेद आढळला. आईबापांकडून ‘सी-सी’ ही जोडी लाभलेल्यांस विषाणू हटविणे अधिक सुलभ जाते. तथापि जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे; आता नव्या गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात. यास्तव रोग्यास दोष न देता वेळीच रक्त तपासवावे, अशी पालकांस आमची विनंती आहे.