सात पूल आणि आंकड्यांचा चौकोन

आलेख म्हटला कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें चौकटींच्या कागदावरील वक्ररेषा उभी राहते. प्रस्तुत लेखांतील आलेख त्याहून निराळा. कांहीं बिंदु व त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढाच त्याचा संसार.

प्रशियांतील कोनिग्सबर्ग शहराचे (१९४६ पासून रशियांतील कालिनिनग्राद) प्रेगेल नदीनें चार भाग केले होते: मधलें बेट, उत्तर तीर, दक्षिण तीर व पूर्वेकडील भूभाग. त्यांना सात पूल जोडीत. प्रत्येक पूल एकदांच ओलांडून सर्व पुलांवरून फिरतां येईल काय? ऑयलर ह्या गणितज्ञानें १७३५ सालीं पीटर्सबर्गच्या अकादमीपुढें ह्याचें उत्तर मांडलें.

आपण तो नकाशा आंकड्यांत उतरवूं. पंक्ति व स्तंभ दोहोंचा अनुक्रम वरीलप्रमाणेंच ठेवून प्रत्येक घरांत त्या दोन भागांमधील पुलांची संख्या लिहावी:

० २ २ १
२ ० ० १
२ ० ० १
१ १ १ ०

पंक्तींच्या बेरजा ५, ३, ३, ३. एखाद्या भागांत शिरून बाहेर पडणारा प्रवासी तेथील दोन पूल खर्ची घालतो. म्हणून आरंभ व शेवट ह्यांखेरीज सर्व भागांचे पूल सम हवेत. येथें चारही विषम, फेरी अशक्य! (ऑयलरनें मात्र हा चौकोन वापरला नव्हता, ‘मेट्रिक्स’ हें नांव सिल्व्हेस्टरनें १८५० सालीं दिलें.)

मग चित्र काय वाईट, असें कोणी चतुर विद्यार्थी विचारील. त्यानें दुसऱ्या पंक्तीस तिसऱ्या स्तंभानें क्रमवार गुणून बेरीज करावी: २×२ + ०×० + ०×० + १×१ = ५. नेमके दोन पूल ओलांडून उत्तर तीरावरून दक्षिण तीरास जाण्याचे मार्ग पांचच आहेत. चार बेटावरून, एक पूर्वेकडून. सर्व घरांसाठीं असें केलें कीं चौकोनाचा वर्ग होतो. घन केल्यास तीन पुलांचे मार्ग मिळतात. हजारों बिंदूंच्या जाळ्यांत डोळा हरवतो, आणि गणकयंत्रास तर आंकडेच द्यावे लागतात.

मात्र भागांचा अनुक्रम बदलला कीं शहर तेंच राहून चौकोन निराळा दिसूं शकतो. चार भागांचे अनुक्रम २४, दहांचे ३६,२८,८००. दोन चौकोन एकाच आलेखाचे आहेत काय, हें ठरविणें म्हणूनच सोपें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांत दोन पूल नष्ट झाले, व पुढें बेटास प्रत्येक तीराशीं जोडणारा एकेकच पूल उरला. चौकोनांतील प्रत्येक २ च्या जागीं १ मांडून, फेरी आतां कोठून आरंभावी व कोठें संपेल, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढावें.