नोकरी, घर आणि भेटवस्तूंचा ऑनलाइन गृहोद्योग

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात वाण देण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. तेलुगू घरांतही श्रावणातील वरलक्ष्मी व्रताच्या दिवशी घरी आलेल्या स्त्रियांना तांबूल व त्यासोबत एखादी वस्तू दिली जाते. अलीकडे बारसे, डोहाळजेवण, वाढदिवस व गृहप्रवेश या प्रसंगीही पाहुण्यांच्या हाती परतभेट ठेवण्याची रीत रूढ झाली आहे. या दोन्ही चालीरीती ज्या वस्तीत शेजारी शेजारी नांदतात, तेथे भेटवस्तूंना वर्षभर मागणी राहावी, हे स्वाभाविक होय. हैदराबादेतील अंबरपेठ ही अशीच एक वस्ती आहे.

मुसी नदीच्या उत्तरेस वसलेल्या या भागाच्या एका अंगास उस्मानिया विद्यापीठाचा परिसर असून दुसऱ्या अंगास काचीगुडा आहे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे शिक्षण, नोकरी आणि सोयरीक यांच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली, आणि काचीगुड्याहून नांदेडकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे त्यांचा माहेरचा संबंध तुटला नाही. अशा कुटुंबातील नोकरी करणारी माता फावल्या वेळात भेटवस्तू तयार करून मोबाइलवरून विकू लागली, तर तिला कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, याची माहिती या लेखात दिली आहे. नांदेड, लातूर वा सोलापूर येथील भगिनींनाही ती बहुतांशी लागू पडेल; जेथे दोन राज्यांचे नियम भिन्न आहेत, तेथे तसे नमूद केले आहे.

अशा उद्योगास भांडवल थोडे पुरते, असे नेहमी सांगितले जाते. पैशाच्या भांडवलापुरते ते खरे आहे. परंतु नोकरदार मातेजवळ पैशाहूनही दुर्मिळ असे एक भांडवल असते, ते म्हणजे वेळ. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वर्षे वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी ३०५ मिनिटांचा वेळ बिनमोल घरकामात जातो. २०१९ मध्ये हाच आकडा ३१५ मिनिटे होता. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली, एवढाच याचा अर्थ! नोकरीचे आठ तास, प्रवास व मुलांचा अभ्यास यांनंतर रात्री एखादा तास, फार तर दीड तास हाती उरतो. उद्योग उभा राहावयाचा तो याच दीड तासावर.

तासाचा हिशेब

बहुतेक घरगुती उद्योगांत नफा वस्तूमागे मोजला जातो. मालाला किती पडले, विक्री कितीला झाली, मध्ये किती उरले, एवढे पाहिले की हिशेब पुरा झाला असे वाटते. यात करणारीच्या श्रमाची किंमत कोठेच येत नाही आणि म्हणूनच वर्षभर राबूनही हाती काही का लागले नाही, हे कळत नाही. उदाहरण म्हणून इकत कापडाचा एक बटवा घ्यावा. यातील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत.

समजा, बटव्याचे कापड, अस्तर, नाडी व आतील छोटी वस्तू मिळून ११० रुपये पडले. खोका व वेष्टन २० रुपये, कुरिअर ७० रुपये आणि तुटफुटीसाठी ५ रुपये. एकूण खर्च २०५ रुपये. विक्री २५० रुपयांना झाली, म्हणजे ४५ रुपये उरले. आता या एका बटव्यामागे शिवण, ग्राहकाशी बोलणे, बांधणी व पत्ता लिहिणे यांत २५ मिनिटे गेली, असे धरल्यास तासाची कमाई १०८ रुपये होते.

हेच २५ बटवे एका बारशासाठी एकाच पत्त्यावर पाठविले तर काय होते? कुरिअरचा खर्च नगामागे १२ रुपयांवर येतो. कापड एकदम कापले जाते, बोलणी एकदाच होतात आणि नगामागील वेळ १२ मिनिटांवर येतो. ग्राहकास सवलत म्हणून दर २१० रुपये ठेवला, तरी १४७ रुपये खर्च जाता ६३ रुपये उरतात. तासाला पाच नग होतात आणि कमाई ३१५ रुपयांवर जाते. दर ४० रुपयांनी उतरवूनही तासाचा मोबदला जवळजवळ तिप्पट झाला. शिवाय हे काम पाच तासांचे असल्याने दीड तासाच्या चार रात्रींत ते बसते आणि त्याची तारीख आधीपासून ठाऊक असते. सुटे नग विकणारीस मात्र रोज कोणत्याही घटकेस ग्राहकाचे निरोप येत राहतात. ती कार्यालयात असते, मूल तापाने फणफणलेले असते आणि ग्राहकाला उत्तर लगेच हवे असते. नोकरदार मातेने प्रसंगानिमित्तच्या एकगठ्ठा मागणीवर भर द्यावा व सुटी विक्री ओळख वाढविण्यापुरतीच ठेवावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

कुरिअरबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबरच खोक्याचे आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५००० ने भागून येणारी संख्या किलोग्रॅममधील वजन समजली जाते आणि खरे वजन व हे वजन यांतील जे अधिक, त्यावर आकार घेतला जातो. ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा खोका आत अर्धा किलो वस्तू असली तरी २.४ किलोचा ठरतो. सुरेख दिसणारा मोठा खोका नफा खाऊन टाकतो, तो असा. वस्तू निवडतानाच ती सपाट बसते की नाही, हे पाहिलेले बरे.

माल, हंगाम आणि अडकलेला पैसा

अंबरपेठेला मालाची वाण नाही. बेगम बाजारात भांडी, डबे व वेष्टनाचे सामान घाऊक मिळते. चारमिनारजवळच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पोचमपल्लीचे इकत, चेरियालची चित्रे, निर्मलची लाकडी खेळणी ही तेलंगणाची वैशिष्ट्ये महाराष्ट्रातील ग्राहकास अपूर्वाईची वाटतात. उलटपक्षी खणाचे कापड वा पैठणीच्या काठाची वस्तू हैदराबादच्या ग्राहकास नवी वाटते. दोन्हीकडची जाण असणाऱ्या स्त्रीस येथे जो लाभ आहे, तो मोठ्या शहरी कंपनीस सहजासहजी मिळणारा नाही.

खेळण्यांविषयी मात्र सावध राहावे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. खाद्यपदार्थांच्या भेटपेट्या करावयाच्या असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी घ्यावी लागते. दिवाळीचे चार डबे म्हणून ती टाळता येत नाही.

हंगामाचा विचार पंचांग समोर ठेवून करावा. संक्रांत, श्रावण, गणपती, बतुकम्मा व दिवाळी हे मागणीचे दिवस. त्यांत लग्नसराईची भर. आषाढात तेलुगू घरांत लग्ने होत नाहीत, पौषात मराठी घरांत ती टाळतात. या मंद महिन्यांत कच्चा माल घ्यावा आणि नमुने करून ठेवावेत. परंतु तयार मालाचा साठा करू नये. संक्रांतीसाठी आणलेल्या आणि न खपलेल्या दोनशे डब्या पुढील संक्रांतीपर्यंत पलंगाखाली राहतात, आणि त्यांत अडकलेली रक्कम बहुधा मुलांच्या शाळेच्या शुल्कातून काढलेली असते. मागणीबरोबर निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी. नातेवाईक याला नाके मुरडतील. तरी ती ठेवावी.

छायाचित्र व पैशाची देवघेव

वस्तूचे छायाचित्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावे. दिव्याच्या प्रकाशात रंग बदलतो आणि मग “फोटोत वेगळा दिसला होता” ही तक्रार येते. आकार समजावा म्हणून वस्तू हातात धरलेले एक चित्र अवश्य असावे. लांबी, रुंदी, कापडाचा प्रकार, पोहोचण्यास लागणारे दिवस व परतीची अट हे सर्व मराठीत व तेलुगूत लिहून ठेवल्यास दहा प्रश्न वाचतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. मैत्रिणींकडून लिहवून घेतलेल्या स्तुतीचाही फारसा उपयोग होत नाही.

यूपीआयमुळे रक्कम मिळणे सोपे झाले आहे, तसे फसवणुकीचे प्रकारही आले आहेत. रक्कम स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. जो तो टाकण्यास सांगेल, तो पैसे देणारा नसून नेणारा होय. ग्राहकाने पाठविलेले पावतीचे चित्र पाहून माल पाठवू नये, बँक खात्यात जमा पाहूनच पाठवावा. टपाल खात्याची नोंदणी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, हेही जुन्या सवयीने ‘रजिस्टर’ करू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

नोकरीचे नियम आणि कर

या लेखाच्या वाचकांत शासकीय कर्मचारी व शिक्षक बरेच असल्याने पुढील मुद्दा महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास शासनाच्या पूर्वमंजुरीखेरीज कोणताही व्यापार वा धंदा करता येत नाही. कुटुंबातील अन्य व्यक्ती तो करीत असल्यास त्याची माहिती शासनास द्यावी लागते. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. तेलंगणातील शासकीय सेवेतही १९६४ च्या नियमांनी असेच बंधन घातले आहे. खाजगी शाळेतील शिक्षिकेने किंवा कंपनीतील कर्मचारी स्त्रीने आपले नेमणूकपत्र काढून त्यातील अटी वाचाव्यात. सासूबाईंच्या वा पतीच्या नावावर धंदा दाखवून प्रत्यक्षात स्वतः चालविणे हा मार्ग पुष्कळदा सुचविला जातो. तो नियमास धरून नाही आणि त्यात मिळकतीवरील स्वतःचा हक्कही सुटतो. घरातील दुसरी व्यक्ती खरोखरच उद्योग चालविणार असेल, तर तिचे नाव, तिचे खाते व तिचे श्रम असावेत, आणि त्याची रीतसर माहिती कार्यालयास द्यावी.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत अंबरपेठेतील स्त्रीची एक विशेष अडचण आहे. केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा तेलंगणात २० लाख, तर महाराष्ट्रात ४० लाख रुपये आहे. घरगुती उद्योग या मर्यादेच्या खूप खाली राहतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठांवरूनही नोंदणीविना विक्री करता येते. मात्र पॅनच्या आधारे कर संकेतस्थळावर नावनोंदणी करावी लागते आणि विक्री एकाच राज्याच्या आत असावी लागते. माल राज्याबाहेर गेला की हे चित्र पालटते. अंबरपेठेहून वरंगळला गेलेला बटवा मर्यादेत येतो, नांदेडच्या मावशीच्या मैत्रिणीने पैसे देऊन मागविलेला तोच बटवा आंतरराज्य विक्री ठरतो, आणि अशा विक्रीस उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. शासनाने अधिसूचित केलेल्या, मुख्यत्वे हाताने बनविलेल्या हस्तकला वस्तूंना २० लाखांच्या मर्यादेपर्यंत यातून सूट आहे. तीसाठी पॅन आणि मालाचे ई-वे बिल लागते. ते मालाची किंमत कितीही कमी असली तरी काढावे लागते. आपली वस्तू त्या यादीत बसते की नाही, हे पहिली परराज्यातील मागणी स्वीकारण्यापूर्वीच कर सल्लागारास विचारून घ्यावे. मराठी ग्राहकवर्ग जिच्या हाती आपोआप आहे, तिलाच ही अट सर्वप्रथम आडवी येते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती आधार क्रमांकावर विनाशुल्क होते. तीसाठी पैसे मागणारी संकेतस्थळे शासनाची नव्हेत.

वाढ कशी करावी

मागणी वाढली की रात्रीचा दीड तास अडीच तास होतो, पुढे तीन होतो, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर व मुलांवर त्याचा राग निघतो. येथे पुन्हा तासाचा हिशेब उपयोगी पडतो. वरील २५ बटव्यांच्या उदाहरणात शिवण व बांधणीचे ८ मिनिटांचे काम शेजारच्या भगिनीस नगामागे २० रुपये देऊन सोपविले, तर तिला तासाला १५० रुपये मिळतात. मालकिणीजवळ निवड, कापणी, तपासणी व ग्राहकाशी व्यवहार एवढे ४ मिनिटांचे काम राहते. नगामागे तिला ४३ रुपयेच उरतात, परंतु तिच्या स्वतःच्या तासाची कमाई ६४५ रुपये होते. नगामागील नफा घटला म्हणून हळहळणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. मदतनीस भगिनीची मजुरी मात्र काम झाल्याबरोबर द्यावी. ग्राहकाचे पैसे थकले, ही सबब तिला सांगण्याची नव्हे.

कोणते काम वाटावे आणि कोणते हाती ठेवावे, याचा उत्तम धडा मुंबईच्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेने घालून दिला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पहिल्या दिवशी चार पुडे पापड केले. पुढे काम वाढले तेव्हा पीठ मळण्याचे काम केंद्रावर राहिले, लाटण्याचे घरोघरी गेले. चव पिठावर अवलंबून असते, आणि वेळ लाटण्यात जातो. घर न सोडता काम करता यावे ही सोय त्यातून झाली, आणि पापडाची प्रतही एकसारखी राहिली. बटव्याच्या धंद्यात पीठ म्हणजे कापडाची निवड व कापणी.

यापुढच्या टप्प्यावर शिलाईयंत्र वा घाऊक खरेदीसाठी रक्कम लागल्यास प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत व किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. पीएम विश्वकर्मा योजनेचा लाभ शासकीय सेवेतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांना मिळत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. तेलंगणात स्त्री-उद्योजकांना मार्गदर्शन करणारी वी-हब ही संस्था राज्य शासनाने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केली असून ती हैदराबादेतच आहे. महाराष्ट्रातील भगिनींनी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयाशी, तर ग्रामीण बचत गटांनी ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षाशी संपर्क साधावा.