एकाची गरज आणि सर्वांची गरज



लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार निघतो: माणसाने आपले घर पाहावे की समाज पाहावा? प्रश्न विचारतानाच आपण असे धरून चालतो की, एकाला मिळाले म्हणजे दुसऱ्याचे गेले. हे खरोखरच तसे असते का, ते शास्त्राच्या आधारे पाहू या.

समाजासाठी एकाला खर्ची घालावे, हा युक्तिवाद शुभवर्तमानात कोण मांडतो? प्रमुख याजक कयफा (योहान ११:५०). सारे राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा, असा त्याचा हिशेब होता. त्याच्याही नकळत तो देवाची योजना बोलून गेला, असे संत योहान सांगतो. तरी येशूने आपला प्राण आपणहून दिला आणि कयफा दुसऱ्याचा प्राण देऊ करत होता, हा फरक विसरता येत नाही.

आता यरुशलेमच्या पहिल्या मंडळीकडे या (प्रेषित ६:१-७). ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नवाटपात डावलल्या जात होत्या. मंडळी नवी होती. प्रेषितांना नुकतेच फटके खावे लागले होते. अशा वेळी “एकोप्यासाठी थोडे सोसा” असे त्या बायकांना सांगणे किती सोपे होते! (आपण आपल्या सभांत नेमके हेच सांगतो. ‘गावाचे म्हणणे’ म्हणजे पुष्कळदा चार बोलक्या माणसांचे म्हणणे असते.) प्रेषितांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडायला लावले. स्तेफनपासून नीकलावपर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप गेले, असे यावरून दिसते. पुढच्याच वचनात शिष्यांची संख्या वाढल्याची नोंद आहे. विधवांचे पोट भरल्याने मंडळी दुबळी झाली नाही.

उलट बाजूही त्याच पुस्तकात आहे. हनन्याने शेत विकून काही पैसे मागे ठेवले. पेत्र त्याला म्हणतो की, शेत तुझेच होते आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता (५:४). त्याचा दोष लबाडीचा होता. मंडळीने कोणाचे शेत हिसकावले नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सामाईक हिताचा जो अर्थ सांगितला, तो याच वळणाचा आहे: ज्या परिस्थितीत समूहांना आणि त्यांतील प्रत्येकाला आपली पूर्णता गाठणे सोपे जाते, ती परिस्थिती. ‘प्रत्येकाला’ हा शब्द वगळला की, उरते ते बहुमताचे हित.

आपल्या वसईचे बावखल घ्या. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. पुष्कळ बावखले अनेक घरांच्या सामाईक मालकीची. एकाने आपला हिस्सा बुजवला किंवा विहिरीचे पाणी टँकरला विकले की, शेजाऱ्याची वाडी सुकते. समुद्रकाठी उपसा फार झाला तर खारे पाणी आत शिरते आणि मग विकणाऱ्याच्याही विहिरीला गोडे पाणी राहत नाही. इथपर्यंत त्याचे हित आणि गावाचे हित एकच आहे, फक्त त्याच्या हिताला थोडी लांबची नजर लागते.

पण त्याच्या घरी डायलिसिसचा रुग्ण असेल तर? त्याला पुढच्या दहा वर्षांचे पाणी दिसत नाही, या महिन्याचे बिल दिसते. इथे संघर्ष खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. (बंगल्यावर आणखी एक मजला चढवायला विकणारा वेगळा. त्याला गरज म्हणण्याची सक्ती माझ्यावर नाही.) ‘विकू नकोस’ म्हणणारा गाव त्याचे बिल कोण भरणार ते सांगत नसेल, तर त्याचा निषेध करण्याचा त्या गावाला कितपत हक्क आहे? बावखल सर्वांचे म्हणून राखायचे असेल, तर ते राखण्याचा खर्च एकट्या अडलेल्या घरावर का पडावा?

पुढच्या बैठकीत प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ वाचा. आपल्या विभागातल्या वाटपात, मदतीत, बोलावण्यात कोणती घरे सुटतात, हे आधी पाहा. त्यांतल्या एकाला तरी त्या बैठकीला आवर्जून घेऊन या आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या.

आपला धर्मगुरू