नसबंदी केलेल्या मांजराच्या कानाची खूण : फायदे, तोटे व घ्यावयाची काळजी



भात झोडून पोती घरात आली की उंदीर आणि घुशींची चिंता सुरू होते. मुळशी-मावळ भागात इंद्रायणी भात पिकविणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. पूर्वीपासून आपण त्यावर एक सोपा उपाय करीत आलो आहोत, तो म्हणजे घराजवळ, गोठ्यात, पेंढ्याच्या गंजीपाशी मांजर असू देणे. हे मांजर बहुधा कोणाच्या मालकीचे नसते. गोठ्यात दूध काढताना वाटीभर दूध मिळते, बाकी पोट ते आपले आपण भरते.

हिंजवडीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारला, त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ झाला. भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, तरी काही गोठे आणि काही शेती अजून टिकून आहे. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला सोसायटी आणि मधे खाणावळी, अशा ठिकाणी मांजरांना अन्न भरपूर मिळते व त्यांची संख्या झपाट्याने वाढते. मग कोणी पिले पोत्यात भरून दूर सोडतो, तर कोणी विष घालतो. हे दोन्ही मार्ग क्रूर आहेत, आणि अन्न व आसरा तसाच राहिल्याने रिकाम्या जागी नवी मांजरे येतात, म्हणून निरुपयोगीही आहेत. नसबंदी हा त्यापेक्षा योग्य मार्ग होय. मुंबई व पुणे महानगरपालिकांनी कुत्र्यांपाठोपाठ भटक्या मांजरांच्या नसबंदीचे कामही हाती घेतले आहे.

नसबंदी झालेल्या मांजराच्या एका कानाचे टोक सरळ कापलेले असते. ते पाहून अनेकजण विचारतात, “मुक्या जनावराचा कान कशाला कापला?” प्रश्न रास्त आहे. या लेखात त्याचा दोन्ही बाजूंनी विचार केला आहे.

नसबंदीची गरज

मादी मांजर, म्हणजे भाटी, साधारणपणे पाच ते सहा महिन्यांच्या वयात माजावर येते. काही त्याहूनही लवकर येतात. गर्भकाळ सुमारे 63 ते 65 दिवसांचा असतो. एका वेतात सामान्यतः तीन ते पाच पिले होतात आणि वर्षातून दोन, कधी तीन वेतेही होतात. पिले अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते. एका भाटीला वर्षात दोन वेतांतून चार-चार पिले झाली तर ती आठ होतात. त्यांतील बरीच उपासमारीने, रोगाने किंवा वाहनाखाली मरतात. जी जगतात त्यांतील माद्या सहा महिन्यांच्या सुमारास स्वतः माजावर येतात.

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॉक्सोप्लाझ्मोसिस या रोगाचे जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतात. दूषित चारा किंवा खुराक खाल्ल्याने गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात. मांजराला प्रथमच लागण झाली की काही दिवस ते दोन-तीन आठवडे जंतू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात आणि अशी पहिली लागण मुख्यतः लहान वयाच्या मांजरांना होते. त्यामुळे गोठ्यात पिलांची संख्या कमी राहणे हे शेळीपालकाच्या हिताचे आहे. नसबंदी केली तरी चारा व खुराक झाकून ठेवणे मात्र चुकत नाही.

नसबंदीनंतर मांजर उंदीर धरीत नाही हा गैरसमज आहे. शिकारीची सवय माजावर अवलंबून नसते. उलट बोक्यांचे भटकणे, भांडणे आणि जागोजागी उग्र वासाची लघवी फवारणे कमी होते. मात्र केवळ मांजरावर विसंबून उंदीर-घुशींचा बंदोबस्त होत नाही. धान्य कोठीत किंवा पत्र्याच्या पिंपात ठेवणे, बिळे बुजविणे हे करावेच लागते. विषारी आमिष वापरल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. असे उंदीर खाल्ल्यास मांजरालाही विषबाधा होऊ शकते.

कानाची खूण म्हणजे काय?

शस्त्रक्रियेसाठी मांजराला भूल दिलेली असते. त्याच भुलेत पशुवैद्यक एका कानाचे टोक जंतुनाशकाने स्वच्छ करतात, चिमटा आडवा लावतात आणि टोकाचा सुमारे एक सेंटिमीटर भाग सरळ रेषेत कापतात. पिलाच्या बाबतीत त्या मानाने कमी भाग कापतात. रक्त थांबेपर्यंत चिमटा तसाच ठेवतात. भुलेत असल्याने त्या वेळी मांजराला वेदना होत नाहीत. जखम थोड्याच दिवसांत भरते व ऐकण्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचे टोक कापतात, काही ठिकाणी उजव्या. जपानमध्ये कानाला चेरीच्या फुलाच्या पाकळीसारखी खाच पाडतात, बोक्याच्या उजव्या व भाटीच्या डाव्या कानाला. आपल्याकडे कुत्र्यांच्या बाबतीत ही पद्धत जुनी आहे. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम 2001 साली झाले, त्यांत नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करण्याची तरतूद होती. त्यांच्या जागी 2023 साली नवे नियम आले.

खुणेचे फायदे

1) दुरून ओळख पटते. मांजराचा कान निसर्गतः टोकदार असतो. सरळ कापलेली कड कुंपणावर किंवा छपरावर बसलेल्या मांजराचीही लगेच दिसते. भाटीची नसबंदी झाली आहे की नाही हे एरवी बाहेरून कळत नाही. टाक्याचा व्रण केसांखाली झाकला जातो.

2) दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया टळते. हा सर्वांत मोठा फायदा होय. समजा, गोठ्यावरची एक भाटी मागील वर्षी नसबंदी करून आणली, पण तिला खूण केली नाही. यंदा शेजारच्या सोसायटीतील लोकांनी तीच भाटी पिंजऱ्यात धरली. पुन्हा उपास, पुन्हा भूल, पुन्हा पोटावरचे केस काढणे. व्रण सापडला तर ठीक. न सापडल्यास पोट उघडूनच पाहावे लागते. प्रत्येक भुलेत जिवाला थोडा धोका असतोच. कानाच्या टोकाने हा सारा प्रकार टळतो.

3) मोजदाद सोपी होते. गोठ्यावर नऊ मांजरे येतात व त्यांतील सहांच्या कानाला खूण आहे, म्हणजे तीन राहिली. नवे मांजर आले तरी ते चटकन ओळखू येते. काम किती झाले व किती बाकी आहे हे ग्रामपंचायतीला किंवा सोसायटीला दाखविता येते.

4) मांजराला संरक्षण मिळते. खूण असलेले मांजर यापुढे पिले घालणार नाही व त्याच्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे, हे पाहणाऱ्याला कळते. त्याला उचलून दूर सोडण्याचे कारण उरत नाही.

5) खूण कायम राहते. ती पडत नाही, पुसत नाही, हरवत नाही.

खुणेचे तोटे व मर्यादा

1) अवयवाचा भाग कायमचा जातो. तो पुन्हा येत नाही. काहींना हे मनाला पटत नाही आणि त्यांच्या भावनेचा मान राखला पाहिजे.

2) पाळीव मांजराला चुकून खूण होण्याची शक्यता असते. घरातले मांजरही रात्री बाहेर फिरते. पिंजऱ्यात सापडल्यास मालकाला न विचारताच त्याची नसबंदी होते व कान कापला जातो. यातून शेजाऱ्यांत वाद होतात आणि चांगल्या कामाविषयी मन कलुषित होते.

3) खूण लसीकरण सांगत नाही. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. नसबंदीच्या वेळी लस दिली असली तरी ती केव्हा दिली, पुढची केव्हा द्यावयाची, हे कानावरून कळत नाही. कापलेला कान पाहून चावा दुर्लक्षू नये. मांजर चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

4) चुकीची खूण फसवते. टोक फार कमी कापले तर दिसत नाही. खाच पाडली तर ती बोक्यांच्या भांडणात फाटलेल्या कानासारखी वाटते. म्हणून मांजरासाठी सरळ कापच अधिक खात्रीचा ठरतो.

5) खुणेवर आंधळा विश्वास नको. क्वचित शस्त्रक्रियेत बीजांडाचा अंश आत राहतो. अशी भाटी कान कापलेला असूनही माजावर येते. तसे आढळल्यास पशुवैद्यकांना कळवावे.

इतर खुणा का चालत नाहीत?

गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, मग मांजरालाही बिल्ला का लावू नये, असे कोणीही विचारील. गाईचा कान मोठा व जाड असतो. मांजराचा कान पातळ असल्याने बिल्ला कशात तरी अडकून कान फाटतो व जखम चिघळते. शिवाय क्रमांक वाचण्यासाठी गाईला दावणीला बांधता येते, रानटी मांजराजवळ जाताही येत नाही.

गळपट्टा झाडाच्या फांदीत किंवा तारेत अडकून फास बसण्याचा धोका असतो. तो निसटूनही पडतो. गोंदण टिकते, परंतु मांजर हातात धरल्याशिवाय दिसत नाही. कातडीखाली बसविण्याची चिप टिकाऊ असते व तीत क्रमांकही असतो, मात्र तो वाचण्यासाठी यंत्र लागते व मांजर अगदी जवळ असावे लागते. म्हणून गोंदण किंवा चिप घरच्या मांजरासाठी ठीक, गोठ्यावरच्या रानटी मांजरासाठी कानाची खूणच उपयोगाची.

कोणत्या मांजराला खूण करावी?

वरील सर्व विचार केल्यास निर्णय असा निघतो. जे मांजर हाताशी येत नाही, अनेक घरांत फिरते, ज्याला एक मालक नाही, त्याची नसबंदी करताना कानाची खूण अवश्य करावी. जे मांजर मांडीवर येऊन बसते, ज्याला एक घर आहे, त्याला खूण सक्तीची मानू नये. तेथे मालकाची इच्छा विचारावी व नसबंदीचा दाखला जपून ठेवावा. घरचे असूनही मांजर दिवस-दिवस बाहेर राहत असेल, तर खूण करून घेणे त्याच्याच हिताचे आहे, हे मालकाला समजावून सांगावे.

घ्यावयाची काळजी

पकडण्यापूर्वी : आठ दिवस आधी शेजारीपाजारी, वस्तीत व सोसायटीत सूचना द्यावी. आपल्या पाळीव मांजरांना त्या दिवशी घरात ठेवण्यास सांगावे. भाटीचे सड भरलेले दिसल्यास तिची पिले जवळपास असतात. ती खाऊ लागेपर्यंत थांबावे. संततधार पावसाचे दिवस टाळलेले बरे, कारण ओल आणि माश्यांमुळे जखम चिघळू शकते.

पकडताना : पिंजराच वापरावा. पोत्यात कोंबू नये, हाताने झडप घालू नये. मांजर आत आल्यावर पिंजरा चादरीने झाकावा, म्हणजे ते शांत राहते. उपास किती तास ठेवावयाचा हे पशुवैद्यकांनाच विचारावे.

शस्त्रक्रिया : नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावी. घरी, भुलेशिवाय, कात्रीने कान कापणे ही क्रूरता असून गुन्हा ठरू शकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झालेला आहे. सोयीची चौकशी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

शस्त्रक्रियेनंतर : मांजर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत उबदार, कोरड्या जागी ठेवावे आणि जेथून आणले तेथेच सोडावे. कानातून रक्त वाहत राहिले, सूज आली किंवा अळ्या दिसल्या तर लगेच दाखवावे. कानाला हळद, राख किंवा चुना लावू नये. पिंजऱ्यात व जखमेवर फिनाईल वापरू नये, मांजराला ते विषारी असते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. तिच्या छोट्याशा मात्रेनेही मांजर दगावते.

नोंद : एका वहीत मांजराचा रंग, नर की मादी, नसबंदीची तारीख, कोणता कान व लसीची तारीख लिहून ठेवावी. जमल्यास छायाचित्र काढावे. कानाची खूण म्हणजे दुरून दिसणारी पावती आहे. तिच्यावर तपशील नसतो, तो वहीतच सापडतो.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, कानाचे एक सेंटिमीटर टोक जाणे हा तोटा खराच, पण तो एकदाच, भुलेत व थोडक्यात होतो. खूण नसल्यास त्याच जनावराचे पोट दुसऱ्यांदा उघडले जाण्याची भीती कायम राहते. आपल्या गोठ्यावरच्या मांजरांसाठी यांतील कोणते नुकसान लहान, याचा विचार करावा, शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे आणि मगच पिंजरा लावावा.