चित्र ताणते कोण: कार्ड की मॉनिटर

एलसीडी मॉनिटरच्या पिक्सेलची संख्या कारखान्यातच कायमची ठरते. फुल एचडी पडद्यावर 1920 आडवे आणि 1080 उभे, म्हणजे एकूण 20,73,600 पिक्सेल असतात. 2560 गुणिले 1440 च्या पडद्यावर 36,86,400 असतात आणि फोरके पडद्यावर जवळजवळ 83 लाख. यालाच त्या पडद्याचे मूळ रेझोल्यूशन म्हणतात. गेमकडून याहून कमी पिक्सेलचे चित्र आले तरी पडद्यावरचे पिक्सेल कमी होत नाहीत. उरलेल्या जागा कोणीतरी भराव्या लागतात. हे भरण्याचे काम म्हणजे इमेज स्केलिंग. ते करू शकणारे दोघे असतात: संगणकातले ग्राफिक्स कार्ड, किंवा मॉनिटरमधली स्केलर नावाची चिप. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला असा ठरीव जाळीचा प्रश्न नव्हता. त्यामुळे 800 गुणिले 600 आणि 1024 गुणिले 768 ही दोन्ही चित्रे त्यावर सारखीच सहज दिसत. सायबर कॅफेत खेळून वाढलेल्या पिढीला हा विषय नवा वाटतो तो याच कारणाने.

संभाजीनगरच्या वाचकाला ही अडचण पैठणीवरून चटकन समजेल. शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर पैठणला मागावर मोर विणतात तो धागे मोजून. काठावरचा मोर दुप्पट करायचा असेल तर जिथे एक धागा होता तिथे दोन घ्यायचे. नक्षी मोठी होते, रेषा मात्र तशीच रेखीव राहते. तोच मोर एक-तृतीयांशाने मोठा करायचा म्हटला की पंचाईत होते. दर तीन धाग्यांच्या जागी चार भरायचे, तर कुठल्या धाग्याचे दोन करायचे? एखाद्याचेच केले तर चोच एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक दिसेल. फुल एचडी चित्र 1440 च्या पडद्यावर पसरवताना नेमके हेच घडते, कारण 1440 भागिले 1080 म्हणजे 1.333. स्केलर मग शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळून मधल्या जागा भरतो. एका पिक्सेलची काळी रेघ दोन करड्या पिक्सेलवर पसरते आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. याच 1.333 पायी प्रस्तुत लेखकाने पैसे घालवले आणि दोन महिने मनस्ताप सोसला.

सिडकोतल्या घरी 24 इंची फुल एचडी मॉनिटर जाऊन 27 इंची, 1440 रेझोल्यूशनचा, 165 हर्ट्झचा मॉनिटर आला. कार्ड मात्र जुनेच, जीटीएक्स 1650, राहिले. नव्या पडद्याचे 37 लाख पिक्सेल दर क्षणी नव्याने रंगवणे या कार्डाला जड जात होते, म्हणून गेमचे रेझोल्यूशन 1920 गुणिले 1080 वर आणले. गेम पुन्हा पळू लागला, पण चित्र धूसर झाले, आणि इतके महाग यंत्र घेऊनही हालचाल जुन्या मॉनिटरइतकीच अडखळत राहिली. संशय आधी डोळ्यांवर गेला, चष्म्याचा नंबर तपासून झाला. मग केबलवर गेला आणि 1,800 रुपयांची नवी केबल आली. मॉनिटरचा शार्पनेस वाढवला तर धूसर कडांभोवती पांढरी किनार उमटू लागली. शेवटी शहरातल्या एका दुकानात सल्ला मिळाला की कार्डच कमी पडते आहे. वापरलेल्या मोठ्या कार्डासाठी 3,000 रुपये आगाऊ दिले, आणि पुढे व्यवहार मोडला तेव्हा ते परत मिळाले नाहीत. उलगडा केला तो सुट्टीत आलेल्या, अभियांत्रिकीला शिकणाऱ्या भाच्याने. त्याने गेम चालू असतानाच मॉनिटरच्या मागची कळ दाबली आणि मॉनिटरच्या मेनूतले माहितीचे पान उघडले. तिथे लिहिले होते: 1920 गुणिले 1080, 60 हर्ट्झ. कार्ड छोटे चित्र जसेच्या तसे पाठवत होते, ते ताणत होता मॉनिटर. आणि त्या रेझोल्यूशनला सिग्नल 165 नव्हे, 60 हर्ट्झवर उतरला होता.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि बिनखर्चाची. गेम चालू असताना मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतील ‘इन्फर्मेशन’ पानावर येणारा सिग्नल पाहावा. गेममध्ये 1080 निवडले असून पानावरही 1080 दिसले, तर ताणण्याचे काम मॉनिटर करतो. पानावर पडद्याचे मूळ रेझोल्यूशन दिसले, तर ते काम संगणकातच उरकले आहे. येथे एक फसगत संभवते. गेम ‘बॉर्डरलेस’ खिडकीत चालू असेल तर चित्र बहुधा विंडोजच्या डेस्कटॉपबरोबर जुळवूनच बाहेर पडते, म्हणून पानावर नेहमी मूळ आकडाच दिसतो आणि कार्डाची किंवा मॉनिटरची स्केलिंगची कोणतीही सेटिंग बदलली तरी फरक जाणवत नाही. सेटिंग पारखायची तर गेम खऱ्या ‘फुल स्क्रीन’ पद्धतीत चालवावा लागतो.

दोघांपैकी चांगले कोण, याला सगळ्यांना लागू पडेल असे एक उत्तर नाही, पण कल स्पष्ट आहे. मॉनिटरच्या स्केलरचा दर्जा मॉडेलगणिक बदलतो. काहींचे काम उत्तम असते, तर काही चित्र फार मऊ करतात. प्रमाण राखण्याची सोयही प्रत्येकात नसते. जुन्या 4:3 आकाराचा गेम लावला की असे मॉनिटर तो थेट 16:9 मध्ये खेचून गोल चाकाचे अंडे करतात. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे पर्याय नेहमी हाताशी असतात, आणि मॉनिटर बदलला तरी वागणूक बदलत नाही. याहून मोठा फायदा हर्ट्झचा आहे. कमी रेझोल्यूशनसाठी मॉनिटर अनेकदा फक्त 60 किंवा 75 हर्ट्झ चालतील असे संगणकाला कळवतो. कार्डाने चित्र आधीच मूळ आकाराचे करून पाठवले की मॉनिटरला 165 हर्ट्झचा त्याचा नेहमीचा सिग्नल मिळतो. 60 हर्ट्झवर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद टिकते, 165 वर सुमारे 6 मिलिसेकंद. हा फरक हाताला कळतो.

कार्डाने स्केलिंग केले की कार्डावर भार पडतो आणि गेम मंदावतो, ही भीती बहुतेकांना असते. ती धरू नये. हे काम कार्डातला चित्र बाहेर पाठवणारा वेगळा भाग करतो, गेम रंगवणारे गाभे नव्हे. फ्रेमच्या संख्येत त्याने जाणवण्याजोगी घट होत नाही. विलंबाचेही तसेच. कार्डाकडून होणारा विलंब इतका थोडा असतो की साध्या खेळाडूने त्यात पडू नये. उलट एखादा मॉनिटर ताणण्यासाठी चित्र क्षणभर साठवून ठेवतो तेव्हा विलंब वाढू शकतो. स्पर्धेत उतरणाऱ्याने आपल्या मॉनिटरवर दोन्ही पद्धती खेळून पाहाव्यात, कारण इथे शेवटचा शब्द मॉनिटरच्या मॉडेलचा असतो.

सेटिंग कुठे असते ते आता. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइज अँड पोझिशन’ हे पान उघडावे. तिथे ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ समोर ‘जीपीयू’ किंवा ‘डिस्प्ले’ निवडता येते. जीपीयू निवडून प्रकार ‘ॲस्पेक्ट रेशो’ ठेवावा, आणि गेमने ठरवलेले स्केलिंग मागे सारणाऱ्या ‘ओव्हरराइड’च्या चौकटीत खूण करावी. अनेकांची सेटिंग ‘लागत नाही’ ती ही खूण राहिल्यामुळे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्प्ले’ विभागात ‘जीपीयू स्केलिंग’चे बटण आणि त्याखाली प्रमाण राखणारा, पडदा भरणारा आणि मधोमध ठेवणारा असे प्रकार असतात. एचडीएमआयने जोडल्यावर चित्राभोवती चारही बाजूंना काळी पट्टी राहिली, तर त्याच विभागातली ‘एचडीएमआय स्केलिंग’ची पट्टी शून्यावर आणावी. तो दोष वेगळा आहे, पण लोक त्यालाच स्केलिंग समजून चुकीचे बटण दाबत बसतात.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्याच्या स्वतःच्या पडद्यात सहसा स्वतंत्र स्केलर नसतोच, म्हणून तिथे निवड करायला काही उरत नाही. शिवाय कित्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो. अशा यंत्रावर एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डिस्प्लेचा विभागच दिसत नाही. ड्रायव्हर बिघडला असे समजून तो काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. ‘मेंटेन ॲस्पेक्ट रेशो’ हा पर्याय अंगभूत ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतो.

जुने गेम हा या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे, आणि इथे कार्डाला तोड नाही. धागा दुप्पट करण्याची पैठणीची रीत संगणकात ‘इंटिजर स्केलिंग’ या नावाने येते: एका पिक्सेलचे नेमके चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल करायचे, रंग अजिबात मिसळायचे नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग पिढीच्या कार्डांसाठी, म्हणजे आरटीएक्स 20 आणि जीटीएक्स 16 मालिकेसाठी, ही सोय दिली; डिसेंबरमध्ये एएमडीने दिली; इंटेलच्या त्या वेळच्या नव्या अंगभूत ग्राफिक्सलाही ती त्याच वर्षी मिळाली. जुन्या 1650 वरही ती चालते, हे लेखकाला फार उशिरा कळले. 1999 चा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ 800 गुणिले 600 वर लावला की 1440 च्या पडद्यावर तो बरोबर दुप्पट, 1600 गुणिले 1200 होतो. डावी-उजवीकडे 480 आणि वर-खाली 120 पिक्सेलची काळी जागा राहते, पण तटबंदीचा दगड न् दगड स्वच्छ दिसतो. 640 गुणिले 480 चे चित्र याच पडद्यावर तिप्पट होऊन पूर्ण 1440 उंची भरते. फुल एचडी चित्र मात्र इथे दुप्पट मावत नाही. ते फोरके पडद्यावर नेमके दुप्पट होते, आणि 1280 गुणिले 720 चे चित्र 1440 वर दुप्पट, फोरकेवर तिप्पट. पडदा घेण्यापूर्वी हा भागाकार कागदावर करून पाहण्यासारखा आहे.

‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारे पुष्कळजण मुद्दाम 1280 गुणिले 960 चे चित्र पूर्ण पडद्यावर खेचतात. समोरची आकृती एक-तृतीयांशाने रुंद दिसते, म्हणून नेम धरणे सोपे वाटते. पण ती आडवी सरकतानाही तितकीच वेगाने सरकते, आणि दोन्ही कडांचे दृश्य कापले जाते. ज्याला ही सवय आहे त्याने जीपीयूवर ‘फुल-स्क्रीन’ प्रकार घ्यावा. नव्याने शिकणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

मॉनिटरचे स्केलिंग योग्य ठरते अशा जागाही आहेत. गेमिंग कन्सोल किंवा सेट टॉप बॉक्स थेट जोडला की कार्ड मध्ये नसतेच. चांगल्या टीव्हीचा स्केलर दर्जेदार असू शकतो. आणि ज्या मॉनिटरच्या मेनूत प्रमाण राखणारा व ‘1:1’ असे दोन्ही पर्याय आहेत आणि ज्याचे माहितीचे पान कमी रेझोल्यूशनलाही पूर्ण हर्ट्झ दाखवते, तिथे मॉनिटरवर काम सोपवायला हरकत नाही.

तरीही आजच्या गेमसाठी खरा उपाय या दोघांच्या अलीकडे आहे. गेमचे रेझोल्यूशन पडद्याइतकेच ठेवावे आणि गेममधला ‘रेंडर स्केल’ उतरवावा, किंवा एफएसआर, डीएलएसएस या चित्र वाढवणाऱ्या तंत्रांपैकी जे चालते ते लावावे. त्यामुळे फक्त त्रिमित दृश्य कमी पिक्सेलवर रंगते आणि मग वाढवले जाते. नकाशा, गोळ्यांचा आकडा, अक्षरे पडद्याच्या पूर्ण पिक्सेलवर उमटतात. डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागते. एएमडीचे एफएसआर 2021 मध्ये आले. त्याच्या पहिल्या दोन पिढ्या जीटीएक्सवरही चालतात. 2022 च्या दुसऱ्या पिढीपासून त्याचा दर्जा फार सुधारला. संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे जातो, दुपारी बंद खोलीत कार्डाचा पंखा ओरडू लागतो. त्या दिवसांत फ्रेमची मर्यादा घालून रेंडर स्केल उतरवला की कार्ड कमी वीज खाते आणि कमी तापते. उन्हाळ्यात कार्ड बदलण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

खरेदीला निघणाऱ्याने कार्ड आणि पडदा एकत्र ठरवावेत. 24 इंची फुल एचडीवर इंचाला सुमारे 92 पिक्सेल बसतात, 27 इंची 1440 वर सुमारे 109. मोठा पडदा दाट आहे तो त्याच्या मूळ रेझोल्यूशनवर; त्यावर फुल एचडी ताणले की ती दाटी वाया जाते. कार्ड बेताचे असेल आणि वर्षभरात बदलायचे नसेल, तर 24 इंची फुल एचडी पडदाच घ्यावा, दुकानदार काहीही सांगो. मोठा पडदा आधीच घरात आला असेल, तर नव्या कार्डासाठी एक रुपयाही देण्याआधी मॉनिटरचे माहितीचे पान वाचावे.

सिडकोतल्या त्या घरी आजही तेच 1650 आहे आणि तोच मॉनिटर. स्केलिंग जीपीयूवर, प्रकार ‘ॲस्पेक्ट रेशो’, नवे गेम 1440 वर एफएसआर लावून. माहितीच्या पानावर 165 हर्ट्झ दिसते. 1,800 रुपयांची केबल खोक्यात पडून आहे.