पिल्लाला घर मोकळं करताना: कधी, कसं आणि किती रुपयांत

कुत्र्याचं पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की घरात विषय निघतोच: आता त्याला क्रेटमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, कशाला ठेवायचं? कुणी वय विचारतो, कुणी जात. निर्णय मात्र या दोन्हींवर सोडू नका. एकटं असताना पिल्लू काय करतं ते पाहा आणि एका वेळी एकच खोली मोकळी करा. त्या खोलीची तयारी काही हजारांत होते. घाई केली, तर डॉक्टरांचं बिल त्याच्या कितीतरी पट येऊ शकतं.

वयाचा हिशेब

पिल्लाचे कायमचे दात साधारण सातव्या महिन्यापर्यंत येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि चप्पल, टेबलाचा पाय, चार्जरची वायर, काहीही तोंडात जातं. पुढे वयात येण्याचा अवखळ काळ. लहान जातीची कुत्री वर्षभरात बरीच निवळतात, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला दीड-दोन वर्षंही लागतात. लघवी रोखण्याचा ठोकताळा असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास, तेही ताणून. नऊ ते सहा नोकरी असेल, तर दुपारी कुणीतरी घरी फिरकलंच पाहिजे.

मोकळं सोडण्याआधी हे तपासा

- सलग महिनाभर घरात शी-शू झालेली नाही.
- तुमच्यासमोर ते फक्त स्वतःची खेळणी चावतं, हटकावं लागत नाही.
- तुम्ही बाहेर पडल्यावर थोडं कुरकुरून झोपतं. जुना मोबाइल व्हिडिओ कॉलवर ठेवून पहिला अर्धा तास पाहा, घाबरणारं पिल्लू बहुधा तेवढ्यातच ओळखू येतं.
- क्रेटमध्ये लाळ गळेपर्यंत धापत नाही, दारावर दात-नखं मारून रक्त काढत नाही. तसं करत असेल, तर हा हट्ट नाही, भीती आहे. क्रेट बंद करणं थांबवा आणि पशुवैद्यांना दाखवा.

सोलापूरचं ऊन

मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. अशात दुपारी वीज गेली आणि पंखा-कूलर थांबला, तर क्रेटमधल्या पिल्लाला जागा बदलता येत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. खोलीत मोकळं असलेलं पिल्लू गार फरशी शोधून पसरतं. म्हणून मार्च ते जून दुपारच्या वेळी क्रेट बंद करून घराबाहेर पडू नका. त्याऐवजी एका खोलीला जाळीचं फाटक लावा आणि पाण्याची दोन भांडी ठेवा, एक सांडलं तर दुसरं उरतं.

क्रेटऐवजी व्हरांड्यात साखळी हाही उपाय नव्हे. 1960 च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 दोन्हींना लागू पडतं. हालचाल करता येणार नाही इतका लहान पिंजरा, फार वेळ आखूड किंवा जड साखळी आणि कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हे तिन्ही गुन्हे आहेत.

खर्च किती?

खालचे आकडे अंदाजे आहेत. दर्जा आणि घासाघीस यांप्रमाणे ते बदलतील.

- घडीचा लोखंडी क्रेट, 36 इंची (देशी किंवा मध्यम कुत्र्यासाठी): 3,000 ते 5,000 रुपये. लॅब्राडोरला 42 इंची लागतो, तो महाग. मधली जाळी सरकवता येईल असा घ्या, म्हणजे पिल्लू वाढलं तरी तोच चालतो.
- दाराला जाळीचं फाटक, फॅब्रिकेशनवाल्याकडून: 1,500 ते 3,000. दोन गजांतून पिल्लाचं डोकं जाणार नाही एवढंच अंतर ठेवायला सांगा. कारवानी जातीचं कुत्रं पाळलं असेल, तर कमरेएवढ्या फाटकावर भागणार नाही, ते सहज उडी मारतं. पूर्ण उंचीचं करा.
- वायरींना केसिंग पट्टी, मजुरीसह: 500 ते 1,000.
- झाकणाची कचरापेटी, कपाटांना खिट्या: 500 ते 800.
- चघळायच्या टणक रबरी वस्तू: 500 ते 1,000.
- लघवीचा वास काढणारा एन्झाइम क्लीनर: 400 ते 600.
- दुपारी येऊन पिल्लाला खाली नेणारी व्यक्ती: महिन्याला 1,500 ते 3,000.

माणसाचा मासिक खर्च सोडला, तर क्रेटशिवाय साडेतीन ते साडेसहा हजार आणि क्रेट धरून साडेसहा ते साडेअकरा हजार. कॅमेरा घ्यायचाच तर दीड-दोन हजारांत मिळतो, पण वीज गेली की वायफाय जातं आणि कॅमेराही.

क्लीनरवर काटकसर करू नका. शहाबादी फरशी लघवी शोषते. फिनेलने आपल्याला वास येत नाही, पिल्लाला येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. व्हिनेगर वापरा असं सांगणारे भेटतील. पण शहाबादी म्हणजे चुनखडी, व्हिनेगर आणि ॲसिड तिला खातात. शिवाय नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात दर वेळी बादल्या ओतून फरशी धुणं परवडणारं नाही.

डॉक्टरांचं बिल कुठून येतं?

सोलापुरात अनेक घरांत कामही चालतं. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखूचं सूप जमिनीवर असतं आणि तंबाखूतलं निकोटिन पिल्लाला विषारी आहे. शिलाईच्या घरात बॉबिन, सुई, दोरा. अंथरुणाला टेरी टॉवेल टाकण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्याचे फास पिल्लाच्या दातांत अडकतात. एक फास ओढला की लांब धागा निघतो आणि पिल्लू तो गिळतं. धाग्याचं एक टोक जिभेखाली अडकलं, तर उरलेला धागा आतड्यांना चुण्या पाडतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला, तर ओढू नका, थेट दवाखाना गाठा. एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया मिळून खासगीत बिल अनेकदा पंधरा हजारांपुढे जातं. गुंतागुंत झाली, तर पुणे गाठायचं, म्हणजे अडीचशे किलोमीटर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी नाममात्र शुल्कात होते, तिथल्या वेळा आधीच विचारून ठेवा.

आणखी तीन गोष्टी उंचावर ठेवा: चादरींच्या कपाटातल्या डांबरगोळ्या, डास पळवणाऱ्या द्रवाच्या बाटल्या आणि शेंगाचटणीचा डबा. चटणीतला लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. अंथरुणाला घट्ट विणीची जुनी चादर वापरा, आणि पिल्लू तीही फाडत असेल तर नुसती फरशी बरी.

खोली-खोलीने

तयार केलेली एकच खोली निवडा. बाहेर पडण्याआधी पिल्लाला फिरवून, शी-शू करवून आणा. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत. मग दहा मिनिटं बाहेर थांबा, पुढे वीस, अर्धा तास, तास. रोज वेळ वाढवलीच पाहिजे असं नाही. दोन-तीन आठवडे काही बिघडलं नाही, तर दुसरी खोली. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी.

मध्येच काही फाडलं, तर एक पायरी मागे या. घरी आल्यावर ओरडू नका. तासाभरापूर्वीच्या उद्योगाशी तुमचा राग ते जोडत नाही, तुमच्या येण्याचीच धास्ती घेतं.

घर पूर्ण मोकळं झालं, तरी क्रेट लगेच विकू नका. दार उघडं ठेवून एक दिवाळी आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचं शोभेचं दारूकाम पार पडू द्या. आवाजाला घाबरणारं पिल्लू बहुधा तिथेच लपायला जातं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि दारं-खिडक्या लावून घ्या. हे दोन्ही प्रसंग क्रेटकडे न फिरकता निभावले, तर मग तो विकायला काढा.