हिवाळ्यात चिखलदऱ्याला जाताना

मेळघाटातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. डोंगरात कॉफीचे मळे आहेत, आसपासच्या शेतांत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पिकते. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे इथे ती भीती नाही. मात्र हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पैनगंगेच्या खोऱ्यातून गेलेल्या उमरखेडकरांना तिथली पहाट चांगलीच बोचते.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सूर्योदय पाहण्यासाठी उपाशीपोटी, घाईने चढ चढू नये. गाविलगडावर ऊन पडल्यावर जावे, गोळ्या चुकवू नयेत. छातीत दडपण, धाप किंवा दरदरून घाम आल्यास लगेच थांबून १०८ क्रमांकावर फोन करावा. परतवाड्याहून वर जाणाऱ्या घाटात मळमळ होणाऱ्यांनी हलके खाऊन पुढच्या सीटवर बसावे.

रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस दगावतो. शेगडी विझवून बाहेर ठेवावी आणि अंगावर पांघरूण वाढवावे.

शेतातील स्ट्रॉबेरी थेट तोंडात टाकू नये, वाहत्या पाण्यात नीट धुऊन खावी. नुकतीच फवारणी झालेल्या वाफ्यात मुलांना सोडू नये. २०१७ साली कपाशीच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी दगावले. हे जिल्हा विसरलेला नाही, विसरूही नये.

सर्वाधिक दुर्लक्षित धोका स्क्रब टायफसचा आहे. गवत-झुडपांत राहणाऱ्या चिगर माइट या अतिसूक्ष्म जीवाची अळी चावल्याने तो होतो. २०१८ साली नागपूर परिसरात त्याने बळी घेतले. चावा दुखत नाही. पुढे ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काख, जांघ किंवा कमरपट्ट्याखाली काळी खपली दिसू शकते, पण ती प्रत्येकाला येतेच असे नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास रुग्ण बरा होतो. उशीर झाल्यास फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर थेट बसू-लोळू नये, मुक्कामी परतताच अंघोळ करून कपडे बदलावेत. सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप आल्यास मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांकडे जावे आणि चिखलदऱ्याला जाऊन आल्याचे न विचारताच सांगावे.